पुलावरचा सेकंड गिअर

एकाच फाट्यावर रोज सकाळी तीच माणसं उभी राहिली की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमचा फाटा निडी गावाच्या अलीकडे. पेणहून रोह्याला जाणारी सात-दहाची गाडी पकडणारे आम्ही नऊ जण. मी रोह्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. परवा तिथे मैत्रिणींना यातला एकच किस्सा सांगायला बसले, तर डबे संपले तरी मी बोलतेच आहे!

•

आधी जुनी लाल गाडी. ती दिसायच्या आधी ऐकू यायची. ओढ्याच्या पुलावर चढ आहे. तिथे ड्रायव्हर सदूकाका सेकंड गिअर टाकायचे आणि गाडी अशी काही कण्हायची की अख्ख्या गावाला कळायचं. मग वळण, वालाची शेतं, मग फाटा. बरोबर चार मिनिटं!

त्या आवाजावर वासंतीमावशी चहा बशीत ओतायची. मोरे सर शर्टात हात घालायचे. माझ्याशिवाय घड्याळ बघून गाडीला निघालेला माणूस आमच्या गावात मी पाहिलेला नाही.

"मग भिंतीवर घड्याळ कशाला लावलंय?" मी एकदा चिडून विचारलं.

"बातम्यांना," मावशी म्हणाली.

•

नव्या गाडीसाठीचा अर्ज मीच लिहिला. गळकं छप्पर, फाटक्या सीट, खटारा इंजिन, सगळं लिहिलं. सह्यांसाठी घरोघर फिरले. सदूकाका पुलाशेजारीच राहतात आणि तेव्हा त्यांच्या रिटायरमेंटला दोन महिने होते. त्यांनी चष्मा लावून अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"खटारा तेवढं काढ गो. बाकी खरं हाय."

आणि सही केली. मी 'खटारा' तसाच ठेवला!

•

काका रिटायर झाले. मार्ग एका खाजगी कंपनीकडे गेला आणि नवी गाडी आली. बॅटरीची, एसी, दार आपोआप उघडणारं. पहिल्या दिवशी फाट्यावर मी एकटी! गाडी सुटली तेव्हा काचेतून पाहिलं, तर मावशी ओट्यावर बसून निवांत बशी फुंकतेय.

संध्याकाळी तीच माझ्यावर धावून आली. "आज गाडी आलीच नाय!"

"आली, मावशी. मी गेले तिच्यातून."

"मग आवाज कुठं गेला?"

"बॅटरीची आहे. आवाज नसतो."

"म्हंजे चोरावानी येते नि जाते!"

•

मावशी रोह्याला वाल विकते. परतीच्या गाडीत जागा धरायची तिची जुनी पद्धत म्हणजे खिडकीतून रिकामी पिशवी सीटवर फेकायची. नव्या गाडीच्या काचा उघडतच नाहीत. पिशवी काचेवर आपटली आणि मोरे सरांच्या तोंडावर परत आली!

नवा ड्रायव्हर सोलापूरकडचा. तो म्हणाला, "मावशी, दार हिकडं हाय की!"

"दार म्हाताऱ्यांना!" मावशी म्हणाली. वय चौसष्ट.

•

आठवड्याने कंपनीचा सुपरवायझर टॅब घेऊन चढला. "या फाट्यावरून सकाळी एकच पॅसेंजर? महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर थांबा बंद. गाडी सरळ निडीला."

म्हणजे मी बांधाबांधावरून निडीपर्यंत चालत जायचं. पावसाळ्यात तर बांधही दिसत नाहीत. आणि लॅबमध्ये उपाशीपोटी आलेले पेशंट माझी वाट बघत बसणार! ही नोकरी मी भांडून मिळवली होती.

मी घरोघर जाऊन सगळ्यांच्या मोबाइलवर अलार्म लावून दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी एकटीच.

"वाजला ना अलार्म?" मी मोरे सरांना विचारलं.

"वाजला. बंद केला. बंद केला की काम झाल्यासारखं वाटतं."

शाळेत शिकवणारा माणूस हा!

•

त्या संध्याकाळी मी पुलावर सदूकाकांनाही सोडलं नाही. कठड्यावर रिकामे बसले होते. रिटायर झाल्यापासून तिथेच बसतात.

"इतकी वर्षं गाडी चालवलीत आणि गावाला ही सवय लावून ठेवलीत! आता माझी नोकरी जाणार!"

 त्यांनी फक्त विचारलं, "नवी गाडी पुलावर किती वाजता येते?"

"सात-सहाला. का?"

"काय नाय."

•

सकाळी सात-सहाला पुलावरून सेकंड गिअर पडला. घर्रर्र, खट्ट, आणि मग ते कण्हणं! काका कठड्यापाशी उभे राहून तोंडाने काढत होते. चार मिनिटांत फाट्यावर नऊच्या नऊ माणसं! मोरे सरांची बटणं वरखाली, मावशीच्या ओठांवर चहा.

ड्रायव्हर मात्र घामाघूम. पुलावर खाली उतरून, वाकून चाकं बघून आला होता. "बॅटरीच्या गाडीला गिअर कुठून आला वो?"

रोज तसंच सुरू झालं. महिनाअखेरीला थांबा राहिला. आता नऊ जणांसाठी दार उघडतं. गार वाटतं, धक्के बसत नाहीत. वालाला फुलं आली तरी वास आत येत नाही. गाडी सुटताना शेतांपलीकडे पुलावरून काका हात करतात, तो काचेतून दिसतो. आवाज ऐकू येत नाही. तो फक्त गाडीबाहेर असलं तरच.

•

मागच्या सोमवारी मोबाइलवर मेसेज आला. उद्याची सात-दहा रद्द. मी घरोघर सांगितलं. पुलावरही गेले.

"काका, उद्या गाडी नाही. उगाच घसा ताणू नका."

"बरं."

मंगळवारी मी लॅबला रजा टाकली आणि डोक्याला तेल लावून बसले. सात-सहाला पुलावरून सेकंड गिअर पडला. पण या वेळी तो तिथेच थांबला नाही. थर्ड पडला. आवाज वळणाकडे सरकला. वळणावरचे दोन हॉर्न वाजले.

मी पर्स घेऊन धावत सुटले.

फाट्यावर मावशी पिशवी घेऊन उभी. मोरे सर एका बाहीत. सगळे होते. 

वळणावरून काका चालत आले. दोन्ही हात हवेत, स्टिअरिंगवर. लाल गाडी जिथे थांबायची, बरोबर त्याच जागी त्यांनी करकचून ब्रेक लावला. घाम पुसला. माझ्याकडे बघितलं.

"खटारा हाय गो," म्हणाले. "चालंल?"

मी मावशीला पुढे जाऊ दिलं. मग पर्स सावरली आणि पायरीसाठी पाय उचलला.