तीनदा बांधलेला पिंजरा

रमेशकाकांचा फोन आला तेव्हा मी परळच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. रमेशकाका म्हणजे बाबांच्या शेजारच्या गाळ्यातले, गोदीतून रिटायर झालेले वेल्डर. ते फोन करणाऱ्यातले नाहीत. काही सांगायचं असेल तर चालत येतील आणि खालून हाक मारतील. "नयना, तू ये," एवढंच म्हणाले. काय झालं विचारलं, तर "तू ये गो आधी." करी रोडच्या गाळ्यापर्यंत मी चालतच गेले... टॅक्सी करायची असते हेही सुचलं नाही. पोचले तेव्हा बाबा लाकडी बाकावर आडवे होते. डॉक्टर येऊन गेले होते, कोणीतरी अंगावर चादर घातली होती. समोर माझी पिकअप उभी होती आणि तिच्या सीटमागे बाबांनी त्याच सकाळी उभी केलेली पाइपची कमान, वेल्डिंगचे नुसते दोन टाके मारून धरलेली. गाडी उलटली तर छप्पर माणसाच्या डोक्यावर येऊ नये म्हणून आत जो पोलादी पिंजरा बांधतात, रोल केज म्हणतात त्याला, त्याची ही पहिली कमान. बाकी सगळं व्हायचं होतं. खरं सांगते, मला आधी रडू नाही आलं, राग आला. काम अर्धवट टाकून उठणारा माणूस नव्हता हो तो!

बाबा गेले त्याला आता सहा आठवडे झाले. बाबा, म्हणजे सहदेव मेस्त्री, गाव मालवणकडचं, वडील गिरणीत. बाबांनी मात्र गिरणीचं तोंड पाहिलं नाही, सोळाव्या वर्षापासून ग्रिल बनवल्या. खिडक्यांच्या, जिन्यांच्या, बाल्कनीच्या. दादर-नायगावातून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा असायची. दर चार बिल्डिंगांनंतर थांबायचे, मान वर करायचे आणि म्हणायचे, "ती तिसऱ्या मजल्यावरची आपली." मग मीही बघायचं आणि "छान आहे" म्हणायचं, नाहीतर पुढे हलायचे नाहीत. त्यांची ग्रिल ओळखायला अगदी सोपी. कुठेही हात फिरवा, बोटाला काही लागणार नाही. वेल्डिंग झालं की ग्राइंडरने सांधा घासून घासून इतका सपाट करायचे की दोन सळया जोडल्यात यावर विश्वास बसू नये. आजूबाजूचे टॉवर झाले, सरकत्या काचा आल्या, काम कमी कमी होत गेलं, पण त्यांनी घासणं कमी केलं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "मेस्त्री, रंगाखाली कोण बघतंय?" तर त्याच्याशी दोन दिवस बोलायचे नाहीत.

अशा माणसाच्या मुलीने बत्तिसाव्या वर्षी लग्नाचं बघायचं सोडून जुनी पिकअप आणली. पुढे दोघांची केबिन, मागे हौदा, भाजीवाल्यांकडे असते तशी. मला ती डोंगरात चालवायची होती. चिखल, दगड, ओढे, जिथे रस्ता नाही तिथून घड्याळ लावून गाडी काढायच्या स्पर्धा असतात, त्यात उतरायचं होतं. बाबांनी गाडीला एक फेरी मारली. "ह्या काय हाडलंस गो? मासे विकूक बसतलंस?" मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मराक चललंस." मग तीन दिवस घरात अबोला. आई मधल्यामध्ये हैराण. चौथ्या दिवशी माझ्या ताटात स्वतः भात वाढत म्हणाले, "तो पिंजरा लागतो ना, तो मी बांधणार. दुसऱ्या कोणाचा हात लागता नये."

मला खरं तर तयार मिळतो तसला हवा होता, चकचकीत, नटबोल्टने बसणारा. एका दुकानात मी तो पसंतही केला होता. बाबा बरोबर आले, पाइपवर नखाने टिचकी मारली आणि दुकानदारासमोर म्हणाले, "पडदे लावायला बरा आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाळ्यावर परत आल्यावर त्यांनी ग्रिलच्या कामातला, पत्रा वळवून लांबीवर जोडलेला पाइपचा तुकडा शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि हातोडा घातला. तिसऱ्या घावाला जोडावर उभा फाटला. मग दुसरा, बिनजोड पाइपचा. तो चेपला, वाकडा झाला, पण तोंड उघडलं नाही त्याने. "ह्यो," बाबा म्हणाले, "महाग असू दे. माझा चेडू आत बसतला." चेडू म्हणजे मुलगी; माझ्यासमोर इतकं सरळ ते कधी बोलले नव्हते. मी काहीतरी कामाचं निमित्त काढून बाहेर गेले.

मापं घ्यायला त्यांनी मला भर गल्लीत, हेल्मेट घालून, पट्टे आवळून सीटवर बसवलं. एका हातात टेप, दुसऱ्यात खडू. "डोकं हलव. अजून हलव. उलटल्यावर काय शहाण्यासारखी बसून राहणार आहेस?" समोरच्या चाळीतल्या पारकरआजी दळणाचा डबा घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गो नयना, चंद्रार जातंस?" गल्ली हसली, मी हेल्मेटात घामाने भिजले, आणि बाबा गंभीरपणे माझ्या कानाजवळ चार बोटं धरून पाइप कुठून जाईल ते बघत होते. महिनाभर रविवार न् रविवार काम चाललं. झालं तेव्हा काय देखणा दिसला तो! एक सांधा दिसेल तर शपथ. सगळा घासलेला, वर काळा रंग. बाबांनी रमेशकाकांना बोलावून हात फिरवायला लावला. काका गोदीतले, त्यांना बहुतेक तेव्हाच शंका आली असावी, पण मित्राचा चेहरा बघून गप्प बसले. हे त्यांनी मला आत्ता, बाबा गेल्यावर सांगितलं.

पहिली स्पर्धा घाटाखालच्या एका माळावर होती. आधी तपासणी असते, ती पास झाल्याशिवाय गाडी रांगेला लागत नाही. तपासणारे गृहस्थ पुण्याकडचे, किडकिडीत, टोपीवाले. त्यांनी पाइपवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "काका, काम फार सुंदर आहे. पण वेल्ड कुठे आहे?" बाबा खूश. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय. "घासलाय," म्हणाले. "मग पास कसा करू? वर जो भर दिला तोच तुम्ही काढून टाकलात. जी ताकद पाहिजे ती घासली गेली, आणि आत किती धरलंय ते मला दिसत नाही." झालं! मी त्या माणसावर तुटून पडले. चाळीस वर्षांचा हात आहे हा, तुम्ही काय शिकवता, असं बरंच काही बोलले, दहा जण जमा झाले. बाबांनी माझा दंड धरला. "गप ऱ्हव. तो बरोबर बोलता." आणि त्या माणसाला नमस्कार केला. अख्ख्या माळासमोर.

परतीच्या वाटेवर कल्याण येईपर्यंत बाबा बाहेरच्या खिडक्यांच्या ग्रिल बघत होते. मग एकदम म्हणाले, "खिडकीवर माणूस हात फिरवतो. ह्याच्यावर माणूस आदळणार. माझ्या डोक्यातच आलं नाही." मी म्हटलं, असू दे बाबा, आहे त्याच्यावरूनच पुन्हा वेल्डिंगच्या रॉडची एक फेरी मारू. त्यांनी जोरात मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो अख्खा पिंजरा त्यांनी कापून काढला. आणि मग त्यांनी जे केलं ते ऐका. बासष्ट वर्षांचा, लालबागपासून नायगावपर्यंत ज्याला सगळे मेस्त्री म्हणतात तो माणूस, शेजारच्या गाळ्यात रमेशकाकांसमोर स्टूल घेऊन बसला आणि म्हणाला, "रमेश, मला वेल्डिंग शिकव." जहाजाच्या कामाला लागतं तसलं, खोल धरणारं. तुकडे जोडायचे, मधोमध कापायचे, आत कुठवर धरलंय बघायचं, नाही आवडलं की भंगारात. तुकड्यांची बादली भरली. मलाही वेल्डिंगची काळी काच डोळ्यांसमोर धरून शेजारी उभं केलं होतं, "बघून ठेव" म्हणून. सगळ्यात कठीण गेलं ते न घासणं. हात आपोआप ग्राइंडरकडे जायचा. शेवटी वैतागून मला म्हणाले, "घेऊन जा तो घरी. हात शिवशिवतात." महिनाभर आमचा ग्राइंडर स्वयंपाकघरातल्या माळ्यावर होता, आईच्या पापडांच्या डब्याशेजारी.

दुसरा पिंजरा त्याच टोपीवाल्याने पास केला. बाबा हसलेबिसले नाहीत, "चहा कुठे मिळतो?" विचारत निघून गेले. पुढच्या मोसमात, एका तिरक्या उतारावर, माझं डावं चाक दगडावर चढलं आणि गाडी गेली. दोन पलट्या. थांबली तेव्हा मी पट्ट्यांत उलटी लटकत होते, काचा केसांत, आणि डोक्यावरचा पाइप जिथे होता तिथेच, चार बोटांवर. बाहेरून बाबांचा आवाज आला, अगदी शांत. "हात हलव. पाय हलव. मान नको." मला बाहेर काढलं, सगळीकडून चाचपलं, आणि मग त्यांना रडू फुटलं. लहान मुलासारखे रडले, लोकांना न लाजता. नंतर आईला फोन लावून एवढंच म्हणाले, "पोरगी बरी आसा," आणि ती काही विचारायच्या आत बंद केला.

गल्लीत तो वाकलेला पिंजरा बघायला जत्रा लोटली. मंडळाची पोरं म्हणाली, मेस्त्रीकाका, गणपतीत मांडवाबाहेर ठेवू या, खाली तुमचं नाव लिहू. बाबांनी हाकलून लावलं त्यांना. मी म्हटलं, फक्त बाजूचा एक पाइप वाकलाय, तेवढा बदलू, बाकी तर धड आहे. "ह्येचो जीव गेलो," ते म्हणाले. "तुझो ऱ्हवलो. आता ह्याच्यावर भरवसा टाकायचा नाही." एकदा मार खाल्लेलं लोखंड आतून थकतं, वरून दिसत नाही. आईने त्याला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि बाबांनी तो कापला. वर्षभर त्यांनी मला सुट्टीच्या दिवशी वेल्डिंग शिकवलं, शिव्या घालत, माझे टाके तोडत. मग तिसऱ्यासाठी पाइप आणला, मागची मोठी कमान वाकवली, उभी केली... आणि त्याच दुपारी गेले.

तेरावं झाल्यावर सगळे नातेवाईक एकच सांगायला लागले. तयार घे, नाहीतर गाडी विकून टाक, बापच नाही आता. स्पर्धा बाबा गेल्यानंतरच्या सहाव्या रविवारी होती. मी ऑफिसातून सुट्टी घेतली, गाळा उघडला आणि राहिलेला पिंजरा स्वतः बांधायला घेतला. नाही म्हणायला रमेशकाका रोज येऊन बसायचे, पण हात लावायचे नाहीत. "सहदेवने तुला शिकवलंय, मला नाही," म्हणायचे. छताला चिकटून जे सांधे येतात, त्यांच्या वरच्या बाजूला रॉड पोचत नाही. बरेच जण तिथे खालून तीन बाजू मारतात आणि सोडून देतात, वर कोण बघतंय. मीही क्षणभर थांबले, खोटं कशाला बोलू? दमले होते. मग गाडीच्या तळाच्या पत्र्यात पिंजऱ्याच्या पायांखाली भोकं पाडली, अख्खा पिंजरा चार बोटं खाली सोडला, सांधे वरून पुरे केले, पुन्हा उचलून पाय पक्के केले. दोन दिवस त्यातच गेले. काकांनी वाकून बघितलं आणि चष्मा पुसला.

गेल्या रविवारी माळावर तोच टोपीवाला होता. "काका कुठे?" त्याने इकडेतिकडे बघत विचारलं. मी सांगितलं. त्याने टोपी काढली. मग कामाला लागला, आणि एवढी कडक तपासणी मी आजवर बघितली नव्हती. सांधा न् सांधा. दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा काढून छताच्या फटीत घातला आणि वरची बाजूसुद्धा बघितली. उतरून त्याने कागद काढला.

"पास," तो म्हणाला. "बनवणाऱ्याचं पूर्ण नाव सांगा."

"नयना सहदेव मेस्त्री," मी म्हटलं.

त्याने मधलं ‘सहदेव’ही पुरं लिहिलं, नुसतं अक्षर टाकून टिंब दिलं नाही. मी हेल्मेट चढवलं आणि गाडी रांगेला लावली.