त्या सकाळी फुलं कुठवर पोहोचली

निवृत्तीनंतर मी अमरावतीत स्थायिक झालो. जुने सहकारी भेटले की खुनाच्या, दरोड्याच्या तपासांच्या गोष्टी निघतात. माझ्या मनातून मात्र एका फुलवालीची घटना अजून जात नाही. त्यात हत्यार नव्हते, टोळी नव्हती. वर्तमानपत्रात चार ओळींपलीकडे काही छापूनही आले नाही. पण त्या तपासात मी जी चूक केली, तशी चूक मी कोणत्याही मोठ्या गुन्ह्यात केली नव्हती. त्यातली बरीच माणसे आजही तिथेच राहतात, म्हणून कोणाचे नाव लिहीत नाही.

तेव्हा मी अकोल्यात एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो. शहराच्या कडेला शेतजमिनींवर पडलेले नवे लेआउट आमच्या हद्दीत येत. त्यातल्या एका लेआउटमध्ये नोकरदार आणि व्यापाऱ्यांचे बंगले होते, मधून मधून रिकामे प्लॉट. रिकाम्या प्लॉटवर कचरा पडायचा आणि कचऱ्यापाशी सात-आठ भटकी कुत्री असायची. त्यांच्याविरुद्ध अर्ज अधूनमधून येत. आम्ही ते आवक नोंदवहीत चढवून पुढे पाठवत असू.

हिवाळ्यात एका सकाळी सरकारी दवाखान्यातल्या पोलीस चौकीवरून निरोप आला. साठीतल्या एका बाईला कुत्र्याने फाडले होते आणि तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेले होते. बाई जवळच्या खेड्यातल्या माळी कुटुंबातली. घरच्या वाडीतली शेवंती, झेंडू, दुर्वा घेऊन ती रोज पहिल्या ऑटोने शहरात यायची. लेआउटमधल्या घरांच्या फाटकांना कापडी पिशव्या टांगलेल्या असत. प्रत्येक पिशवीत एक फुलपुडी टाकून ती पुढे जायची. त्या दिवशी ती मागच्या गल्लीतल्या रिकाम्या प्लॉटपाशी रक्तात पडलेली सापडली.

तिला उचलून दवाखान्यात नेणारी बाई त्याच लेआउटमधली निवृत्त परिचारिका होती. एकटीच राहायची. भटक्या कुत्र्यांना ती रोज पोळ्या टाकते, ही अख्ख्या लेआउटची तक्रार होती.

दुपारी वीस-पंचवीस पुरुष ठाण्यात आले. पुढे होते खते-कीटकनाशके विकणाऱ्या कृषी केंद्राचे मालक, लेआउटच्या मंडळाचे अध्यक्ष. स्वच्छ बोलणारे, वजनदार गृहस्थ. त्यांनी टाइप केलेला अर्ज माझ्यासमोर ठेवला. भटक्या कुत्र्यांनी बाईचा जीव जाण्याची वेळ आणली, त्यांना पोसणाऱ्या परिचारिकेवर गुन्हा दाखल करा, अशी मागणी होती. खाली सगळ्यांच्या सह्या.

मी परिचारिकेला ठाण्यात बोलावले. ती दोनच्या सुमारास आली. सहापर्यंत तिला बाकावर बसवून ठेवले. तिच्या साडीवर फुलवालीच्या रक्ताचे डाग तसेच होते. कुत्र्यांना खायला घालू नका असे समजपत्र हातात देताना मी तिला खडसावले. ती आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, मी चाळीस वर्षं जखमा पायल्या. कुत्र्याईचा कळप अंगावर आला असता तर पोटऱ्याले, मांड्याले चावे असते. तिच्या पायाले ओरखडासुद्धा नाई. दंडावर एकच चावा हाये, न सोडता धरलेला. हे एकाच मोठ्या कुत्र्याचं काम हाये."

मी म्हणालो, "बाई, तपास आम्हाला करू द्या."

मी ठाण्याबाहेर पडल्यावर मंडळाच्या लोकांनी मला गाठले. कुत्र्यांचे काय, असे विचारले. दिवसभराच्या कामाने मी वैतागलो होतो. म्हणालो, "कुत्री पकडणं पोलिसांचं काम नाही. तुमचं तुम्ही बघा." ते शब्द मी आजही परत घेऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी फुलवाली शुद्धीवर आली. बीट जमादाराने जबाब नोंदवला. ती म्हणाली, "मोकाट कुत्रं होतं जी. कोणतं, ते मले ओळखू नाई आलं." जमादाराने बंगल्यांमध्येही चौकशी केली होती. पाळलेली कुत्री तीनच घरांत होती आणि तिन्ही लहान. कृषी केंद्रवाल्यांकडे एक मोठे कुत्रे होते, पण ते दिवाळीतच शेतावर पाठवल्याचे त्यांनी सांगितले होते. प्रकरण कागदावर संपल्यासारखेच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी परिचारिका पुन्हा ठाण्यात आली. या वेळी तिला कोणी बोलावले नव्हते. ती त्याच बाकावर बसली आणि ठाणे अंमलदाराला म्हणाली, "माही फिर्याद लिहून घ्या. पाच कुत्री मरून पडली हायेत. कोणीतरी मटणात औषध घालून टाकलं."

मी घटनास्थळी गेलो. प्लॉटवर पाच कुत्री पाय ताणून पडली होती, तोंडाला फेस सुकलेला. त्यात एक पिल्लांना पाजणारी कुत्री होती आणि पिल्लं अजून तिच्या पोटाशी लागत होती. भोवती उभ्या माणसांपैकी एकही जण माझ्याकडे बघेना. पंच म्हणून सही करायला कोणी पुढे येईना. माझे परवाचे वाक्य या माणसांनी कोणत्या अर्थाने घेतले, ते मला तिथे कळले.

पशुवैद्यकांनी शवविच्छेदन केले. मी तेव्हा त्यांना एक जास्तीचे काम सांगितले. दवाखान्याच्या कागदात दंडावरच्या दातांच्या खुणांमधले अंतर लिहिलेले होते. ते पाचही कुत्र्यांच्या जबड्यांशी ताडून बघायला लावले. त्यांनी मापे घेतली आणि मान हलवली. "यातल्या कोणाच्याच तोंडात हा चावा बसत नाही. जबडा याहून बराच रुंद असला पाहिजे."

परिचारिकेने हे मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

आता तपास पहिल्यापासून सुरू केला. माझा जमादार बार्शीटाकळीकडचा, शेतकरी घरातला, फार न बोलणारा. मी त्याला विचारले, बाई नेमकी कुठवर गेली होती, हे कसे काढायचे? तो म्हणाला, "साहेब, फुलाईनं काढता येते."

त्याने महिला अंमलदाराला सोबत घेतले आणि दारोदार एकच प्रश्न विचारला. हल्ला झाला त्या सकाळी तुमच्या पिशवीत फुलपुडी होती का? या वेळी प्रश्न घरातल्या बायकांना विचारला, कारण पिशवी काढून आणणाऱ्या त्याच. संध्याकाळी त्याने कागदावर लेआउटचा नकाशा काढून माझ्यापुढे ठेवला.

"सव्वीस घरी फुलं पोचली. सत्ताविसाव्या घरी नाई. अन् त्याच्या पुढं कोणालेच नाई."

"सत्ताविसावं घर कोणाचं?"

"कृषी केंद्रवाल्याचं. बाई सापडली तो प्लॉट त्याच्या मागच्या गल्लीत हाये. तिकडून मोठ्या रस्त्यावर जवळून निघता येते. ती ऑटोसाठी चालत निघाली असन अन् मधातच पडली असन."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे हल्ल्याच्या पाचव्या दिवशी, आम्ही त्या घरी गेलो. फाटकाच्या रंगावर एक चौकोन बाकीच्या भागापेक्षा उजळ दिसत होता. चार कोपऱ्यांना स्क्रूची भोके होती. तिथे वर्षानुवर्षे पाटी असणार, आणि ती नुकतीच निघाली होती.

गृहस्थांनी आम्हाला बैठकीत बसवले. त्यांना माझे येणे आवडले नव्हते. "साहेब, अर्ज घेऊन मीच तुमच्याकडं आलो होतो. अन् तुमी माह्याच घरी चौकशीले?"

"फाटकावर कुत्र्यापासून सावध राहायची पाटी होती ना?"

"होती. कुत्रंच राह्यलं नाई, तर पाटी कायले ठेवू?"

"कुत्रं दिवाळीत गेलं. पाटी कधी काढली?"

"आता ते काही लक्षात नाई."

"त्या सकाळी तुमच्याकडे फुलं आली होती?"

"नाई. ती बाई आमच्याकडं पोचलीच नाई."

एवढ्यात त्यांच्या पत्नी पाण्याचा पेला घेऊन आल्या. पेला त्यांनी माझ्यापुढे डाव्या हाताने धरला. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला पाणी असे कोणी देत नाही, आणि त्या तर जुन्या वळणाच्या वाटत होत्या. उजवा हात पदराखाली होता. चेहरा तापाने उतरलेला होता. मी महिला अंमलदाराकडे पाहिले. ती उठली, त्यांच्या पाठोपाठ आत गेली. गृहस्थही उठू लागले, तेव्हा जमादार म्हणाला, "तुमी बसा भाऊ."

दहा मिनिटांनी अंमलदार बाहेर आली. तिचा आवाज बदललेला होता. "सर, आधी गाडी काढा. बाईंच्या हातात कुत्र्याचे दात लागले आहेत. पाच दिवस झाले, एकही इंजेक्शन घेतलेलं नाही. हात सुजून काळानिळा झालाय."

जबाब नंतर, असे ठरवून आम्ही त्यांना थेट दवाखान्यात नेले. जखमा धुतल्या, इंजेक्शने सुरू झाली. त्यानंतर त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली.

कुत्रे रॉटवायलर जातीचे होते. दिवसभर दीड हाताच्या साखळीला बांधलेले असायचे आणि पहाटे तासभर आवारात मोकळे सोडत. त्या दिवशी फाटकाची कडी नीट लागली नव्हती. फुलवालीने पिशवीकडे हात वर केला आणि कुत्र्याने फाटक ढकलून तिचा दंड धरला. या बाई धावल्या. ओढून, मारून ते सोडेना, तेव्हा त्यांनी आपला हात त्याच्या जबड्यात घातला. कुत्रे सुटले. फुलवाली उठली, दंड दाबून धरला आणि काही न बोलता चालू लागली.

"मी तिच्या मांगं निघाली होती साहेब. यायनं मले दारातून आत ओढलं. म्हणे, तू गेली तर केस होईन, दुकान बसन. मंग मी खिडकीतून पायलं. ती प्लॉटपाशी पडली. सिस्टरबाई धावत आल्या. मी खिडकीतच उभी होती."

कुत्रे त्याच सकाळी शेतावर गेले होते. दिवाळीत नव्हे.

मी विचारले, "आमचा जमादार पहिल्याच दिवशी तुमच्या दारात आला होता. तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "त्यायनं मालकाले विचारलं. मले कोणी विचारलंच नाई."

जमादार शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली. दोष त्याचा एकट्याचा नव्हता. मीही अर्जावरच्या सह्या वाचल्या होत्या आणि त्यात एकाही बाईची सही नाही हे माझ्या डोळ्यांना दिसले नव्हते.

कुत्रे आम्ही शेतावरून ताब्यात घेतले. खोलीत कोंडलेले, उपाशी, पण जिवंत. चावल्यापासून दहा दिवस ते ठणठणीत राहिले तर रेबीजचा धोका टळला, असे पशुवैद्यकांनी सांगितले. त्याच्या लसीची मुदत कधीच संपून गेली होती. पुढचे पाच दिवस मी रोज सकाळी ठाण्यात आल्यावर स्टेशन डायरीच्या आधी त्या कुत्र्याची खबर घेत होतो. दहावा दिवस उलटला, कुत्रे नीट खात-पीत होते. त्या दिवशी मी जमादाराला चहा पाजला.

फुलवालीकडे मी स्वतः गेलो. तिने खोटा जबाब का दिला, ते मला तिच्याच तोंडून हवे होते. वॉर्डातल्या खाटेवर ती उशीला टेकून बसली होती, उजवा हात खांद्यापर्यंत बांधलेला.

"तुम्हाला कोणी धमकी दिली होती का?"

"नाई जी. धमकी कायची?" ती म्हणाली. "त्या बाईनं माह्यासाठी आपला हात कुत्र्याच्या तोंडात देल्ला. तिचं नाव मी कसं घेऊ? तिच्या घरी पोलीस आले असते तर तो माणूस तिलेच बोलला असता."

"पण तुम्ही बोलला असतात तर तिला वेळेवर इलाज मिळाला असता."

"तिचा हात मी पायलाच नाई," ती म्हणाली. "मले वाटलं, तिले लागलं नसन." मग तिने डोळे पुसले, डाव्या हाताने.

निष्काळजीपणे प्राणी बाळगून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा त्या गृहस्थांवर दाखल झाला. त्यांनी न्यायालयात तो कबूल केला आणि शिक्षा भोगली. फुलवालीचा हात वाचला, पण खांद्याच्या वर जाईना. फाटकावरच्या पिशवीपर्यंत तो पुरत नव्हता. तिची सून फुले द्यायला येऊ लागली. कृषी केंद्रवाल्यांच्या पत्नीची दोन बोटे कायमची आखडली. त्या बऱ्याच दिवसांनी माहेरी मोर्शीकडे गेल्या आणि परत आल्या की नाही, मला माहीत नाही.

पाच कुत्र्यांना विष घालण्याचा गुन्हा मात्र उघडकीस आला नाही. मी पन्नासहून जास्त जबाब घेतले. सगळे झोपलेले होते, कोणी काही पाहिले नव्हते. विष कोणत्या दुकानातले असेल, याचा अंदाज मलाही होता, पण पुरावा नव्हता. शेवटी "आरोपी निष्पन्न झाले नाहीत" असा अहवाल मीच लिहिला. लिहिताना मला माहीत होते की त्या कामाला मोकळीक देणारे वाक्य माझे होते आणि ते कोणत्याही कागदावर येणार नव्हते.

लोक कुत्र्यांबद्दल बोलतात तेव्हा मला दोन्ही बाजू समजतात. चावा घेणारे जनावर वस्तीत मोकळे असता कामा नये, हे खरेच. पण धोका कुठे आहे हे गर्दी ठरवते तेव्हा ती सहसा सगळ्यांत दुबळ्याकडे बोट दाखवते, आणि त्या बोटाच्या दिशेने बघणे पोलिसाला फार सोपे जाते. माझी तीस वर्षांची नोकरी झाली होती, तरी मी तिकडेच बघितले.

बदली झाली तेव्हा ठाणे सोडण्याआधी मी परिचारिकेच्या घरी गेलो. गणवेशातच गेलो, कारण तिला बाकावर बसवले तेव्हाही मी गणवेशात होतो. मेलेल्या कुत्रीची तीन पिल्ले तिच्या अंगणात वाढत होती. मी म्हणालो, "बाई, माझं चुकलं. माफी मागायला आलोय."

तिने खुर्ची पुढे सरकवली. "माफी राहू द्या," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं, तुमी ऐकलं नाई, एवढंच झालं. आता जिथं जासाल, तिथं बाकावर बसलेल्या बाईचं आधी ऐकजा."

उरलेल्या नोकरीत मी ते पाळायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी जमलेच, असे म्हणणार नाही.