दारातला खोकला

सिंगापुरातल्या आमच्या वुडलँड्सच्या ब्लॉकमधले शेजारचे म्हातारे अंकल लिफ्टचं दार उघडायच्या आत दोनदा खोकायचे. दुखणं काही नव्हतं. दार दिसलं की खोकायचेच, मग ते आमचं असो की क्लिनिकचं. सार्सच्या साथीत तर लिफ्टमधली माणसं दचकून, अंग चोरून भिंतीला चिकटायची. मीही ऑफिसातून पिळून निघालेली असायचे; मला नुसता वैताग यायचा.

एकदा विचारलंच. अंकल मूळचे उत्तर प्रदेशातले, इथल्याच एका गोठ्यावर जन्मभर धारा काढलेले. म्हणाले, "बेटी, बिना आवाज़ घुसो तो गाय दूध चुरा लेती है." आपण म्हणतो ना, दचकली की गाय पान्हा चोरते, तेच. गायी केव्हाच गेल्या, खोकला तेवढा राहिला होता.

पुढे तोच गोठा नेचर पार्कात जतन करून लोकांसाठी उघडला, तेव्हा मी आणि माझी लेक त्यांना घेऊन गेलो. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर गायींचे फोटो. अंकल दाराशी थांबले, दोनदा खोकले आणि वाट बघत राहिले.

"अंकल, नोबडी इनसाइड लाह," लेक म्हणाली.

"हाँ," ते म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. आत आलेच नाहीत.

संध्याकाळी ब्लॉकखाली लिफ्टचं दार उघडलं आणि अंकल न खोकता आत शिरले. आतलं कुणी दचकलं नाही. दचकले ती मी.