बेडशात माझ्याबरोबर दिसलेली बाई

या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आलो ते थोडं हसतच. चकवा, हडळ, मुंजा... असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. मी पुण्याच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवतो. समोर दिसतं ते काढा, मनातलं घुसडू नका, हे मुलांना सांगता सांगता माझे केस पिकले. त्यामुळे मी स्वतःच इथे लिहायला बसेन असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. लिहू का, असं पत्नीला विचारलं. ती म्हणाली, लिहा, पण मी जे बोलले ते बदलू नका. तेव्हा बदललेलं नाही.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, म्हणजे बारा वर्षं होत आली. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि दोघांनी मिळून कुठे फिरायला म्हणून आम्ही कधी गेलो नव्हतो. त्या दिवाळीच्या सुट्टीत लोणावळ्याला चार दिवस राहायचं ठरलं. एका स्नेह्यांच्या बंगल्यातल्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. कमल भाऊबीजेला कल्याणला माहेरी गेली होती, ती शुक्रवारी निघणार होती. माझी सुट्टी मंगळवारपासूनच मोकळी. मग मी म्हटलं, तोवर तीन दिवस बेडशाच्या लेण्यांची रेखाटनं काढून घेऊ. कार्ल्याला लोक जातात, बेडशाला कोणी जात नाही. निवांत बसता येईल. शुक्रवारी कमलला कामशेतच्या स्टेशनावर उतरवून घ्यायचं, शनिवारी तिला लेणी दाखवायची आणि मग दोघांनी लोणावळ्याला जायचं, असा बेत.

आमच्या शाळेच्या शिपायाचे मामा बेडशातले. त्यांना सगळे आबा म्हणत. साठीचे, कमी बोलणारे, घरची भातशेती असलेले. त्यांच्या घरात माझी सोय झाली. मंगळवारी दुपारी कामशेतहून चालत मी तिथे पोचलो तेव्हा आबांच्या बायकोने – त्यांना मी मावशी म्हणू लागलो – दारात दोन तांबे पाणी ठेवलं. एक माझ्यासमोर, एक जरा बाजूला. मला वाटलं, उन्हातून आलोय म्हणून. मी दोन्ही तांबे संपवले. मावशी गालातल्या गालात हसल्या.

बुधवारी सकाळी डोंगरावर निघताना त्यांनी भाकऱ्या बांधून दिल्या. चार भाकऱ्या, झुणका, दोन कांदे. एवढं कशाला, म्हटलं तर म्हणाल्या, "डोंगर चढायचा हाय, दोगास्नी पुरंल." दोगास्नी म्हणजे सकाळ-दुपार अशा दोन वेळांना, असा अर्थ मी लावला. माणूस आपल्या सोयीचा अर्थ किती पटकन लावतो, हे मला नंतर कळलं.

भात कापणीचे दिवस होते. वाटेवरच्या खाचरांत बायका-माणसं वाकून कापत होती. मी जवळून गेलो की ती उभी राहून बघत. शहरातला माणूस, काखेत ड्रॉइंग बोर्ड... बघणारच. एक म्हातारी मात्र माझ्याकडे न बघता माझ्या थोडं मागे बघून हसली आणि पदर सारखा करून मान लववली. मी मागे वळून पाहिलं. मागे बांध होता, वाट होती. बस.

बेडशाचं चैत्यगृह ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो – समोर मोठा खडक तसाच ठेवलाय, त्याच्यातल्या चिंचोळ्या फटीतून आत गेलं की एकदम उंच खांब समोर येतात. खांबांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल, आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. मी अंगणात बसून तीच जोडपी काढत होतो. सकाळी ऊन थेट आत येतं, दहानंतर सरकतं. दोन दिवस मी तिथे होतो आणि माझा हात इतका सुरेख चालत होता की मलाच नवल वाटत होतं.

गुरुवारी दुपारी, दोनच्या सुमाराला, मी पाण्याच्या टाक्याकडे जायला म्हणून फटीतून बाहेर आलो तर एक ठाकर बाबा बाहेरच्या दगडावर बसलेला. शेजारी गवताचा भारा. बराच वेळ बसला असावा. मी म्हटलं, आत सावली आहे, आत का नाही आलात. तो म्हणाला, "आत बाईमाणूस हाय. म्हून भायेरच थांबलो."

मी म्हटलं, आत कोणी नाही, मी एकटाच आहे. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग भारा डोक्यावर घेतला आणि उतरून गेला.

मी परत आत गेलो. चैत्यात, शेजारच्या विहारात, सगळ्या खोल्यांतून पाहिलं. कोणी नव्हतं. भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही वाटली. थोडी चीड आली, आपली चेष्टा चालली आहे अशी. मी पुन्हा काढायला बसलो.

शुक्रवारी सकाळी आबांची बैलगाडी घेऊन मी स्टेशनावर निघालो. मावशींना सांगितलं, मंडळींना आणायला चाललोय. त्यांचा चेहरा कसासाच झाला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग पडवीकडे बघितलं, आणि आत गेल्या. मला काही उमगलं नाही.

कमल गाडीतून उतरली ती हसत. रस्ताभर ती माहेरचं सांगत होती, मी लेण्यांचं सांगत होतो. त्या प्रवासाची मला आजही आठवण येते, कारण त्यानंतर कितीतरी महिने आम्ही तसे बोललो नाही.

दारात गाडी थांबली. मावशी बाहेर आल्या. कमल त्यांच्या पाया पडायला वाकली. मावशींचं तिला आशीर्वाद द्यायचं राहिलं; त्यांनी मला विचारलं, "ह्या कोन?"

"माझी पत्नी. सांगितलं होतं ना, आणायला जातोय म्हणून."

"मंग त्या कोन?"

मी म्हटलं, त्या म्हणजे कोण? मावशींनी आधी कमलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो अशा समजुतीने पदर तोंडाला लावला. पण कमलने ऐकलं होतं. तिने अगदी शांतपणे, मावशींचा हात धरून, सगळं विचारून घेतलं. मी तिथेच उभा होतो.

मंगळवारी माझ्या मागोमाग एक बाई आली होती. उंच, माझ्याहून वयाने चार-पाच वर्षं मोठी असावी. डाळिंबी लुगडं, डोक्यावरून पदर, हात उघडे, बांगड्या नव्हत्या की काही नव्हतं. बोलत नसे. जेवायला हाक मारली की मान हलवून नको म्हणे. मावशींना वाटलं, काही व्रत असेल. मी पडवीत बसलो की ती खांबापाशी बसे. मी निघालो की मागे निघे. शहरातली माणसं, आपण कशाला चौकशी करा, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

मी म्हटलं, मावशी, हे खोटं आहे. मी एकटा होतो.

कमल उठून शेजारच्या घरी गेली, तिथून खाचरात कापणाऱ्या बायकांकडे गेली. तासाभराने परत आली. पाच जणींनी तिला तेच सांगितलं होतं. लुगड्याचा रंगसुद्धा.

मी आबांकडे गेलो. म्हटलं, आबा, तुम्ही तरी सांगा. आबा बैलांना पेंढा टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी कुनाला संगं आनलं, आमाला काय करायचंय. पर तीन दिस जी बाई तुमच्या मागं चालली, ती नव्हतीच म्हनू नगा. लय वाईट वाटंल तिला."

मी लग्नानंतर परस्त्रीकडे मान वर करून पाहिलेलं नाही. हे कसं सिद्ध करायचं? माझ्या बाजूने एकही साक्षीदार नव्हता आणि माझ्याविरुद्ध अख्खं गाव होतं – तेही भल्या, सरळ माणसांचं गाव, ज्यांना खोटं बोलून काही मिळणार नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

मला वाटलं होतं, कमल संध्याकाळच्या गाडीने परत जाईल. पण ती म्हणाली, "मला ती लेणी बघायची आहेत." शनिवारी सकाळी आम्ही वर गेलो, बरोबर मावशी आल्या. कमल त्या जोडप्यांकडे खूप वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, चला. उतरताना मी पुढे, त्या दोघी मागे.

खाली आल्यावर मला वाटलं, आता ही म्हणेल, मला कल्याणला पोचवा. ती म्हणाली, "लोणावळ्याला जायचं ना?" आणि आम्ही गेलो. चार दिवस राहिलो. तिने तो विषय काढला नाही. त्या वर्षी काढला नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. स्वयंपाक केला, माझी दुखणी काढली, मुलगी झाली तिचं नाव दोघांनी मिळून ठेवलं. मी समजलो, तिने मला क्षमा केली.

तुम्हाला कल्पना नाही, न केलेल्या गोष्टीची क्षमा मिळणं किती जड असतं. तिने भांडण केलं असतं तर मी शपथा घेतल्या असत्या. ती काही विचारतच नव्हती, मी कशाचं उत्तर देणार? किती वेळा रागाच्या भरात माझ्या तोंडावर आलं होतं की बाई, तू माझ्यावर उपकार करू नकोस.

एक गोष्ट मात्र तिने ठाम केली. मला एकट्याला कुठे जाऊ दिलं नाही. शाळेच्या कामाला मुंबईला गेलो तरी ती बरोबर. मी त्याचा अर्थ संशय असाच धरला.

गेल्या उन्हाळ्यात शाळेने मला कार्ल्याला जायला सांगितलं, एक दिवसाचं काम, खांबांची रेखाटनं. कमल म्हणाली, जाऊ नका. माझा इतक्या वर्षांचा राग त्या दिवशी बाहेर पडला. मी म्हटलं, अजून तुझा विश्वास नाही ना माझ्यावर?

ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "विश्वास मला त्या शनिवारीच बसला."

आणि तिने सांगितलं. आम्ही उतरत होतो. मी वीसेक पावलं पुढे. जिथे वाट मोडली होती, घसरडं होतं, तिथे मी थांबत होतो. कडेला होऊन डावा हात मागे करत होतो, क्षणभर थांबत होतो, आणि पुढे चालू लागत होतो. एकदा नव्हे, प्रत्येक अवघड जागी. कमलला आधी वाटलं, आपल्यासाठीच. पण ती जवळ पोचायच्या आत मी पुढे गेलेला असे. मी तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हतो. तेव्हा मावशींनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "आता दिसती का?"

"मला कोणी दिसलं नाही," कमल म्हणाली. "मला फक्त तुमचा हात दिसत होता. बोटं मिटलेली होती तुमची. मोकळ्या हाताची बोटं तशी मिटत नाहीत... मध्ये काहीतरी होतं. तेव्हा कळलं, तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्हाला ठाऊकच नाही."

मला यातलं काही, एक कणही आठवत नाही.

मी विचारलं, मग बारा वर्षं का नाही सांगितलंस? मी काय भोगलं तुला माहीत आहे?

ती म्हणाली, "माहीत आहे. पण सांगितलं असतं तर तुम्ही परत गेला असता."

कोणी म्हणेल, खांबावरची मूर्तीच सजीव झाली. मला ते पटत नाही. त्या बायका दागिन्यांनी मढलेल्या आहेत, मावशींनी पाहिली ती ओक्याबोक्या हातांची होती. कोणी म्हणेल, गावाला भास झाला. सगळ्यांना एकाच रंगाचा? आणि माझ्या हाताचं काय? ती कोण होती, मंगळवारी कुठून माझ्या मागे लागली, त्या शनिवारनंतर कुठे गेली, यातलं मला काही सांगता येत नाही.

मी कमलला म्हटलं, छे, मी कशाला परत गेलो असतो? तिने सूप पुढे ओढून घेतलं. कार्ल्याचं काम मी दुसऱ्या मास्तरांना दिलं. पण तिला उत्तर देताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, हे तिच्याही लक्षात आलं असणार.