लाल खुणेचा कडुनिंब

काका लग्नाच्या पंगतीतली जिलबीसुद्धा आधी उजेडाकडे धरून बघत आणि मगच खात. कुणी हसलं तर म्हणत, "तोंडात गेल्यावर परत कुठं पाठवायची?" चाकणच्या आमच्या कारखान्यात ते तपासणी विभागात होते. बाहेरून येणारा प्रत्येक सुटा भाग त्यांच्या टेबलावरून पुढे जायचा, आणि बराचसा जायचाच नाही. अख्खा कारखाना त्यांना पाठीमागे 'रिजेक्ट काका' म्हणायचा. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

लातूरहून आल्यावर मी त्यांच्या हाताखाली लागलो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, 'लातूर' म्हणूनच हाक मारत. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून पेटीभर खराब माल पुढे गेला. काका ओरडले नाहीत. त्यांनी रजिस्टर ओढलं, 'दोष कोणाचा' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "शिकवणारा मी हाय." त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

कारखान्यात खराब मालाला लाल रंग फासतात. लाल लागलेली वस्तू पुन्हा आत घ्यायची नाही, हा काकांचा नियम. एकदा मालकांच्या मेव्हण्याकडून आलेला माल त्यांनी लाल करून दाराबाहेर काढून ठेवला. मेव्हणे स्वतः आले, तेव्हा त्यांना चहा पाजला आणि माल परत नेण्यासाठी टेम्पो बोलावून दिला.

थेरगावात डांगे चौकाजवळ दोन खोल्यांत त्यांनी तीस वर्षं काढली. खिडकी उघडली की शेजाऱ्यांचा सांडपाण्याचा पाइप दिसायचा. निवृत्त झाल्यावर चऱ्होलीला दोन गुंठ्यांत घर बांधलं, तेव्हा काकूंनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "दारात झाड पायजे. बुडाशी खुर्ची टाकून बसंन." त्याच सुमारास काकूंच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर दोन वर्षांच्या पुढचं काही बोलेनात. काका नर्सरीत गेले, सावली पडायला किती वर्षं लागतील ते विचारलं आणि हातातलं रोप होतं तिथे ठेवून दिलं. मला फोनवर म्हणाले, "लातूर, मोठंच झाड आणायचं. रोपाची डिलिव्हरी टायमात बसत न्हाई."

वाढलेलं झाड विकत मिळतं, हे मला तेव्हा कळलं. नर्सरीवाल्याने नऊ झाडं दाखवली. काकांनी आठ नापास केली. नववा कडुनिंब पास झाला. किंमत ऐकून मी म्हणालो, फार नाही. पण ती नुसती झाडाची होती. मुळांभोवतीची माती गोणपाटात बांधून घेणं वेगळं, ट्रेलर वेगळा, खड्डा वेगळा, क्रेन तासावर. शिवाय झाड आत घ्यायला कंपाउंडची भिंत फोडावी लागणार होती. ती काकांनी गवंड्याकडून दोनदा पाडून तिसऱ्यांदा मनासारखी बांधून घेतली होती. फोडायला दीड दिवस लागला. "भिंत चांगली झाली व्हती," असं ते घणाचे घाव मोजत समाधानाने म्हणाले. गाडीसाठी ठेवलेले सगळे पैसे गेले. काकूंना त्यांनी सांगितलं, बाराशे. काकूंनी क्रेनवाल्याला तासाचा दर विचारला, ऐकून घेतला आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

झाड आलं त्या दिवशी मी तिथेच होतो. काकांनी ट्रेलरला फेरी मारली आणि थबकले. खोडावर लाल रंगाचा ठसठशीत पट्टा होता.

"परत न्या," काका म्हणाले.

नर्सरीवाल्याने समजावलं, "काका, ती उत्तरेची खूण आहे. झाड आधी जसं उभं होतं, त्याच तोंडाने लावायचं. नाहीतर ज्या सालीला उन्हाची सवय नाही ती भाजते."

"खूण कसली का असंना. लाल लागलेला माल माझ्या दारातनं आत यायचा न्हाई."

नर्सरीवाला कपाळाला हात लावून खड्डा बघायला आत गेला. तेवढ्यात काकांनी घरातून थिनर आणि चिंधी आणली आणि पट्टा घासून घासून साफ काढला. "आता घ्या आत."

क्रेनने झाड उचललं. खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या नर्सरीवाल्याने विचारलं, "खूण कुठाय? झाडाची उत्तरेची बाजू कुठली?" तिघा मजुरांनी तीन बाजू दाखवल्या. काका लाल चिंधी हातात धरून उभे होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

झाड अंदाजाने लावलं. पंधरा दिवसांत पानन्‌पान गळालं. नर्सरीवाला म्हणाला, हलवलेलं झाड गळतंच, खुणेचं एवढं मनावर घेऊ नका. काकांनी वहीत तारीख घातली आणि दोषापुढे आपलं नाव लिहिलं. मग खोडाला ओलं गोणपाट गुंडाळणं, सकाळ-संध्याकाळ पाणी, माती सैल करणं. काकू त्या खराट्याखाली छत्री उघडून बसायच्या. "या की जरा," म्हणायच्या. काकांचं उत्तर ठरलेलं, "आधी सावली पडू दे."

असे पाच महिने गेले. सगळ्यांचा जीव काकूंकडे लागला होता, आणि एका सकाळी पाण्याचा पाइप हातात असताना काकाच कोसळले. दवाखान्यापर्यंतही पोहोचले नाहीत. तेराव्याला मी गेलो, तर बुंध्याजवळ तांबूस पालवी फुटली होती. मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

त्याला आता तीन वर्षं झाली. दोन वर्षांची मुदत डॉक्टरही विसरलेत. गेल्या महिन्यात चऱ्होलीला गेलो, तर काकू गार सावलीत मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, "काकू, काकांनी झाड मात्र एक नंबर निवडलं."

"व्हय," त्या म्हणाल्या. बराच वेळ काड्या बाजूला काढत राहिल्या. "पण रोप लावलं असतं तर बरं झालं असतं, भाऊ. रोपाला तांब्याभर पाणी घातलं की झालं. मग दोघं उन्हात का हुईना, बसलो असतो."