चौदा कांद्यांची पारख

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, मंजुळाबाईंनी चौदा कांद्यांचे माथे विळीवर उडवले. पहिली चकती जिभेवर ठेवली आणि चूक लक्षात आली. जीभ भाजल्यासारखी झोंबली. दुसरी चकती तशीच, तिसरीही. कांदे बिघडले नव्हते. आठवडाभर घेतलेल्या गोळ्यांनी त्यांचं तोंड आलं होतं. सकाळचा वरणभातसुद्धा चुरचुरत उतरला होता. पण आधी सगळे कापायचे, मग ओळीनं चाखायचे, ही आईकडून आलेली सवय. चाळीस वर्षांत जिभेनं कधी दगा दिला नव्हता, म्हणून आजही हात थांबला नाही.

मंजुळाबाईंचं वय एकसष्ट. पुंडलिकनगरात मुलाच्या घरामागं बारा बाय वीस फुटांची जागा आहे, तिथं त्या कांदा लावतात. माहेर पैठणकडचं. वडील मेंढरं राखायचे, आई बांधाकडेला हा कांदा करायची. रंगानं फिकट गुलाबी, चपटा, एकेक पाव किलोच्या वर; कच्चा खाल्ला तर पेरूसारखा गोड. बियाण्यासाठी बारीक मानेचा, एकाच गाभ्याचा कांदा निवडायचा. वरचा तिसरा हिस्सा कापून चाखायचा. गोड निघाला तर खालचा भाग मातीत, तिखट निघाला तर स्वयंपाकघरात. वाफ्यात एक जरी तिखट कांदा गेला, तर फुलोऱ्यात मधमाश्या त्याचा गुण सगळ्यांना लावतात आणि वाण बिघडतो.

यंदा चुकायला जागाच नव्हती. मार्चच्या गारपिटीत बियाण्याचे गोंडे झडले. कांद्याचं बी वर्षापलीकडं टिकत नाही, त्यामुळं डबा रिकामा होता. लांबलेल्या पावसानं साठवणीतले चाळीसातले सव्वीस कांदे सडले. उरले हे चौदा. आता ते कापलेले होते, आणि कापलेला कांदा संध्याकाळपर्यंत मातीत गेला नाही तर कुजायला लागतो.

"आत्याबाई, मी चाखू का?" सून अंबिकानं विचारलं.

"तू? तुला ठेचा गोड लागतो."

"मग भानुमतीकाकूंना हाक मारते. त्यांची जीभ लई बारीक."

शेजारच्या भानुमतीबाईंची जीभ बारीक होतीच. अडचण वेगळी होती. त्या एकतीस वर्षं चातुर्मास पाळत होत्या. कांदेनवमीला भजी खाऊन कांदा सोडायचा, तो कार्तिकी एकादशी झाल्यावरच परत. एकादशीला अजून आठ दिवस होते. पण मंजुळाबाईंनी अडवायच्या आत अंबिकानं भिंतीवरून हाक मारली होती.

भानुमतीबाई आल्या, परात पाहिली. "एवढी घाई कशाला केलीत, मंजुळाबाई? आठ दिवस थांबायचं."

"कोंब फुटले व्हते, वयनी. आन् तोंड असं निघंल म्हून काय ठावं?"

"मी खाऊ शकत नाही."

"म्या कुठं म्हनलं खा म्हून?"

मग भानुमतीबाई दोन पावलं मागं सरल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. मंजुळाबाईंचे डोळे कोरडे होते. रोज कांदा चिरणारीचे ते डोळे. भानुमतीबाईंच्या घरात मात्र आषाढापासून कांदा चिरला गेला नव्हता. मंजुळाबाई त्यांच्या डोळ्यांकडं बघतच राहिल्या.

"वयनी, खाऊ नका. नुसतं डोळ्याम्होरं धरा. डोळ्यात पानी आनंल त्यो तिखट."

"आणि वास?"

"वास नेमात येतो का?"

भानुमतीबाईंनी विचार केला. "वासाचं कुणी सांगितलेलं नाही."

परात लांब कोपऱ्यात ठेवली. प्रत्येक कांद्याची ताजी चकती काढायची, वीतभर अंतरावर धरायची आणि दहापर्यंत मोजायचं. मधे डोळे धुऊन फाटकापर्यंत चक्कर. पहिल्याला दहा झाले तरी काही नाही. दुसऱ्याला चारातच पाणी. तिसऱ्याला नऊवर. तो मंजुळाबाईंनी बाजूला टाकला.

"नऊपर्यंत तर टिकला की!" अंबिका म्हणाली.

"दहा म्हंजी दहा."

तेरा झाले तेव्हा सहा उजवीकडं होते, सात स्वयंपाकघराकडं. उरला सर्वांत मोठा, अर्ध्या किलोचा. मंजुळाबाईंची उन्हाळ्यापासून त्याच्यावर नजर होती. पण चकती जवळ यायच्या आतच भानुमतीबाईंचे डोळे वाहू लागले. धुतले, थांबल्या, पुन्हा तेच. हा कांदाच तिखट की तेरा कांद्यांनी डोळे हुळहुळे झालेत, ते कळेना. ऊन आता फक्त शेजारच्या टाकीच्या माथ्यावर उरलं होतं.

"द्या इकडे," भानुमतीबाईंनी हात पुढं केला. "जिभेवर ठेवते आणि थुंकते. थुंकलं म्हणजे खाल्लं नाही."

"आन् गिळलं गेलं तर?"

"माझं मी बघेन."

मंजुळाबाईंनी चकती त्या हातावर ठेवली नाही. प्रश्न नुसता नेमाचा नव्हता. नेम मोडणारं माणूस ते लवकर उरकायला बघणार, आणि त्या घाईत 'गोड' म्हणून मोकळं होणार. त्यांनी विळी ओढली, मोठ्या कांद्याचे चार तुकडे केले आणि भाजीच्या भांड्यात टाकले.

"आत्याबाई!" अंबिका ओरडलीच.

"सहा हाईत. सहाच लावायचे."

दीड-दीड वितीवर सहा खड्डे झाले. कांदे बसवले, माती ओढली, पाणी दिलं. भानुमतीबाई लाल डोळ्यांनी वाफ्याशी उभ्या होत्या.

"आता कळणार कधी?"

"बी चैतात. त्याचा कांदा फुडल्या साली उन्हाळ्यात."

"दीड वर्ष? आणि तिखट निघाला तर मला शिव्या घालाल."

"घालीन की," मंजुळाबाई म्हणाल्या आणि बादली भरायला वळल्या.