साडूच्या बाथरूमचा ढाळ

त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंडी भिंतीलगत सोडतात त्या वजनाच्या दोरीसारखा सरळ, उंच, सडसडीत, मान वाकवायची नाही आणि भिंतीला टेकून उभं राहायचं नाही, म्हणून. फरशी बसवणाऱ्याची कंबर एरवी चाळिशीतच वाकते. याची एकाहत्तराव्या वर्षीही ताठ होती. गुडघे मात्र गेले होते. माणूस चाळीस वर्षं गुडघ्यांवर चालला तर ते तरी किती पुरणार?

त्याच्या कामाची एक रीत होती. बाथरूमची फरशी बसली, सांधे भरले, सिमेंटचा माल वाळला, की तो घरमालकाच्या हातात भरलेली बादली द्यायचा.

"ओता. कुठेही ओता."

मग दोघांनी बघत उभं राहायचं. पाणी कोणी न ढकलता, आपल्या पायांनी जाळीत गेलं पाहिजे. बशीएवढं जरी कुठे थांबलं, तरी तो दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन हजर. मालकच कंटाळायचा.

"अहो, राहू द्या. खराट्याने ढकलू तेवढं."

"रोज ढकलणार? मी एक दिवस वाकतो, तुमच्या घरातली चार माणसं तीस वर्षं वाकायची वाचतात. सरका बाजूला."

दुसरी खोड मात्र वाईट होती. कोणाच्याही घरी गेला की बोटाच्या पेराने फरशी वाजवून बघायचा. खाली माल भरून बसला असेल तर आवाज घट्ट येतो, पोकळ राहिली असेल तर बद्द. लग्न ठरण्याआधी सासऱ्यांच्या घरी पहिल्यांदा गेला, तेव्हाही खुर्चीवरून वाकून त्याने दोन फरश्या वाजवल्या होत्या. बायको अजून म्हणायची, "यांनी मला पसंत केलं की आमच्या फरशीला, ते मला आजवर कळलेलं नाही."

साडू म्हणजे त्याच बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघांनी बावीस वर्षं जोडीने काम केलं. ओळंबा बसवायचा, साडू कापायचा. नळाच्या पाइपाभोवती गोल घ्यायचा असला की साडू फरशी अशी कापायचा की फटीत नख जाऊ नये. हात सोन्याचा, पण तोंड त्याहून गोड. घरमालकाची म्हातारी असो की वरच्या मजल्यावरचा खडूस वकील, साडूने दोन वाक्यांत गुंडाळला नाही असा माणूस नव्हता. ओळंबा आणि तोंड यांचं मात्र कधी जमलं नाही.

पुढे साडूने स्वतःची कामं घ्यायला सुरुवात केली. चार टोळ्या झाल्या, काचेच्या दाराचं ऑफिस झालं, गाडी आली. त्याने ओळंब्याला बोलावलं होतं. "तू नुसता फिर, बघ आणि माणसांना शिव्या घाल. ते तुला चांगलं जमतं."

"मला एका वेळी एकच फरशी बसवता येते," ओळंबा म्हणाला. हेवा नव्हता, असं तो सांगायचा. बायको म्हणायची, थोडा होता.

मग साडूने घर बांधलं. मोठं, दोन मजली, आणि नातेवाइकांना जेवायला बोलावलं. पन्नासेक माणसं असतील. ओळंबा जेवायला बसला, शेजारच्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्याने चमचा उचलला आणि चमच्याच्या दांड्याने फरशी वाजवली. एक वाजवली, मग पुढची. मग उठलाच. अख्खा दिवाणखाना वाजवत फिरला, माणसं पाय वर घेऊन बघत राहिली, आणि शेवटी कामाच्या जागी द्यावा तसा त्याने तिथूनच आवाज दिला,

"साडू, अकरा पोकळ आहेत रे!"

कोणीतरी हसलं. साडूचा चेहरा उतरला. ओळंब्याला ते दिसलंसुद्धा नाही. त्याला वाटलं आपण मदतच केली. आत्ताच कळलं तर बदलून घेता येतील, इतका सरळ हिशोब. त्या दिवसापासून साडूने त्याच्याशी बोलणं टाकलं. बहिणी-बहिणींचं जाणं-येणं, फोन चालू होते. नवऱ्यांमध्ये मात्र नऊ वर्षं एक शब्द नाही. ओळंब्याने स्वतःची समजूत काढून ठेवली होती: खरं बोललो, त्याला झोंबलं, मी काय करू?

आणि मग मेहुणीचा फोन आला. बायकोला नाही, त्यालाच.

"भाऊजी, यांचं तुम्हाला कळलंच असेल."

कळलं होतं. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने साडूची उजवी बाजू गेली होती. काठी घेऊन चार पावलं टाकत होता, बोलणं जरा जड झालं होतं.

"मग?"

"बाथरूमला तो उंबरा आहे ना, चार इंचांचा. पाय उचलतच नाही त्यांचा. मी आणि मुलगा धरून आत नेतो, मी आंघोळ घालते, दार उघडं ठेवून. भाऊजी, आयुष्यभर हा माणूस दाढीसुद्धा दार लावून करायचा. आता आंघोळच नको म्हणतात. जेवतही नाहीत धड. दोन कारागीर येऊन बघून गेले. म्हणाले, उंबरा काढला तर पाणी बाहेर हॉलमध्ये येईल."

"ढाळ नीट दिला तर का येईल?"

"तेच. म्हणून तुम्हाला फोन केला."

"त्याला विचारलंस?"

मेहुणी थोडी घुटमळली. "म्हणाले, त्याला बोलावू नकोस, बोलावलंस तर तो येईल."

ओळंबा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. बायकोही बरोबर आली. म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलणार नाही. मध्ये माणूस नको?"

साडू पॅसेजमध्ये खुर्चीवर बसला होता. बारीक झाला होता, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. ओळंबा त्याच्या समोरून गेला, बाथरूममध्ये शिरला, आणि उंबऱ्यावर पाय ठेवून बराच वेळ खाली बघत राहिला.

"काय, आवाज घेत नाहीस?" साडू जड जिभेने म्हणाला. नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

"सगळंच उखडायचंय. आवाज कशाला घेऊ?"

काम साधं नव्हतं. उंबरा नुसता तोडून भागत नाही. आतली अख्खी फरशी खाली घ्यायची, जाळी त्याहून खाली. दारापाशी आतली आणि बाहेरची फरशी एका पातळीत, आणि तिथूनच ढाळ सुरू. ढाळ कमी पडला तर पाणी हॉलमध्ये, जास्त झाला तर एका पायावर तोलणारा माणूस घसरून पडणार. मधली जागा दोन सुतांची, म्हणजे जेमतेम पाव इंचाची. ओळंब्याने चार-चार इंचांच्या खरबरीत टाइल्स मागवल्या. मोठी टाइल चारही बाजूंनी ढाळ घेत नाही, कुठेतरी एक कोपरा वर राहतोच.

तोडायला दोन दिवस एक मजूर घेतला. बसवायच्या कामाला मात्र त्याने कोणाला हात लावू दिला नाही. गुडघ्यांना जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले आणि बसला. अर्ध्या तासाने उठायचा, भिंत धरून, दात-ओठ खाऊन, आणि कोणी बघत नाही ना हे बघून. पण साडू बघत होता. खुर्ची त्याने दाराच्या तोंडाशीच आणवली होती.

"तो सांधा बघ. वाकडा."

"वाकडा नाही. तू वाकडा बसलायस."

"ताई, तुमच्या नवऱ्याला चष्मा घ्या."

"घेतलाय," आतून ओळंब्याची बायको म्हणाली. "लावत नाहीत. म्हणतात, बोटांना दिसतं."

असे चार दिवस गेले. जेवायला सगळे एकत्र बसत. साडू दोन घास जास्त खातोय, हे मेहुणीने ताईला डोळ्यांनी दाखवलं. बोलणं मात्र टाइलच्या पलीकडे गेलं नाही.

माल वाळल्यावर ओळंब्याने बादली भरली. रीतीप्रमाणे ती घरमालकाच्या हाती द्यायची, पण घरमालकाला ती उचलवणार नव्हती. म्हणून त्याने प्लास्टिकचा मग भरून साडूच्या डाव्या हातात दिला.

"ओत. कुठेही."

साडूने दारापाशीच ओतला. पाणी बाहेर आलं नाही. आत वळलं, सरळ निघालं, जाळीकडे गेलं. पण सगळं गेलं नाही. डाव्या कोपऱ्यात, भिंतीलगत, तळहाताएवढं थांबलं.

दोघंही बघत राहिले. पाणी हललं नाही.

"चालेल," साडू म्हणाला.

ओळंब्याने मान वळवली. बावीस वर्षं याच एका शब्दावरून त्यांची भांडणं व्हायची. साडू चालेल म्हणायचा आणि ओळंबा उकरायचा. पण तेव्हाचं चालेल आळसाचं होतं. हे तसं नव्हतं. साडू कोपऱ्याकडे बघतच नव्हता. तो ओळंब्याच्या गुडघ्यांकडे बघत होता.

ओळंब्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "नऊ वर्षं वाट बघितलीस मला तोंडावर सांगायची. आता माझं चुकलेलं समोर दिसतंय, आणि चालेल? दया करतोस माझ्यावर?"

"ओरडू नको. बायका येतील."

"येऊ देत!"

साडूने हातातला मग खाली ठेवला. बोलायला त्याला वेळ लागत होता, आणि ओळंब्याला पहिल्यांदाच थांबावं लागलं.

"तेरा होत्या," साडू म्हणाला.

"काय?"

"पोकळ. तू अकरा म्हणालास. दोन कपाटाखाली होत्या. मला माहीत होतं. घाईत बसवून घेतलं होतं. माझंच काम, आणि मीच बघायला गेलो नाही."

"मग माझ्यावर राग कशाचा धरलास?"

"आई होती माझी. तिथेच, खिडकीपाशी बसली होती. तिला काय कळतं पोकळ म्हणजे? सगळे गेल्यावर मला म्हणाली, बाळा, घर पडणार नाही ना? किती समजावलं. बदलूनही घेतल्या सगळ्या. तरी ती त्या जागेवरून कधी गेली नाही. भिंतीला धरून, वळसा घालून जायची. दीड वर्ष. जाईपर्यंत."

ओळंबा खाली बसला. टेकायला भिंत होती, तिला टेकला. साडूची आई त्याला आठवत होती. त्या दिवशी तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता, आणि तो म्हणाला होता, थांबा, आवाज ऐकतोय.

घरं किती झाली असतील त्याच्या हातून? हजारावर. एकाही बाथरूममध्ये पाणी राहिलं नाही, हे तो कुठेही छाती ठोकून सांगू शकत होता. माणूस म्हणून काय कमावलं असं कोणी विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. पण एक म्हातारी स्वतःच्या मुलाच्या घरात दीड वर्ष भिंत धरून चालली, तीही त्याच्याच हातून. आणि त्या दिवशी त्याला करायचं काय होतं? साडूला बाजूला घेऊन कानात सांगायचं. दहा पावलं चालायची मेहनत. तेवढी त्याने घेतली नव्हती.

"मला हे कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तू विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. "चुकलं माझं," ओळंबा म्हणाला. आयुष्यात हे वाक्य त्याने टाइलबद्दल पुष्कळदा म्हटलं होतं. माणसाला म्हणायची ही पहिलीच वेळ.

साडूने डोळे पुसले. आजारपणानंतर त्याला रडू लवकर यायचं. मग काठीने कोपरा दाखवला. "आता ऊठ. ते उकर. मला तिथे पाय ठेवायचाय."

"आत्ता तर चालेल म्हणालास!"

"ते तुझ्यासाठी म्हणालो. आंघोळ मला करायचीय."

ओळंबा हसला. मग उठायला गेला आणि गुडघा हलेना. साडूने डावा हात पुढे केला. एकाचे गुडघे गेलेले, दुसऱ्याची बाजू गेलेली. दोघं मिळून कसाबसा एक माणूस उभा राहिला. मेहुणी आवाजाने धावत आली, तर दोघं एकमेकांना धरून धापा टाकतायत.

"अगं बाई, मारामारी करताय की काय?"

"माल कालव," साडू म्हणाला. "थोडासाच. घट्ट."

कोपऱ्यातल्या नऊ टाइल्स निघाल्या. या वेळी साडू नुसता बसून राहिला नाही. खुर्ची आत घेतली, पातळी बघायच्या दोरीचं एक टोक डाव्या हातात घट्ट धरलं, आणि डोळा बारीक करून सांगत राहिला. "खाली घे. अजून एक सूत. थांब. आता पुढची." एक टाइल पाइपापाशी कापायची होती. ती ओळंब्याने कापली आणि साडूने नाक मुरडलं. "नख नाही, अंगठा जाईल त्या फटीत." ओळंब्याने निमूटपणे दुसरी कापली. तीही त्याला पसंत पडली नाही. तिसरी पडली.

पुढच्या रविवारी साडूला आत जायचं होतं. ओळंबा आणि त्याची बायकोही आली होती. मेहुणीने टॉवेल खुंटीला लावला, आत खुर्ची ठेवली, पाणी काढून ठेवलं, भिंतीला बसवलेली दांडी दोनदा ओढून बघितली.

"दार लोटून ठेवा हं नुसतं. कडी नको."

काठी पुढे, मग डावा पाय, मग उजवा, घासत. जिथे उंबरा होता तिथे तो क्षणभर थांबला. उजवा पाय सरकत आत गेला. दार लागलं, आणि मग कडी.

मेहुणी दाराकडे झेपावली. ओळंब्याने हात आडवा केला. "राहू दे."

"पडले तर?"

"तर मी दार तोडतो. दारं लावली नाहीत कधी, तोडायला येतात."

तिघं पॅसेजमध्ये उभी राहिली. पाण्याचा आवाज आला. मग थांबला. खुर्ची कुरकुरली. मग पुन्हा पाणी. मेहुणी तीन महिन्यांनी पहिल्यांदा रिकाम्या हातांनी उभी होती. हातांचं काय करावं ते तिला कळेना, म्हणून तिने ताईचा पदर धरला. बाहेर एक थेंबही आला नव्हता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

शेवटी ओळंब्यालाच राहवलं नाही. त्याने दाराला तोंड लावलं.

"अरे, झालं की नाही? किती वेळ?"

आतून साडूचा आवाज आला, जड, पण खणखणीत.

"तीन महिन्यांचं आहे! लागेल वेळ. तुम्ही चहा घ्या."